बाबासो कुरण्यांची फ्लॉपी

माझं नाव मृत्युंजय. पाचगाव रोडला, आमच्या कॉलनीच्या तोंडालाच माझं कॉम्प्युटरचं दुकान हाय. आता तिथं मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकतो, पण अठ्ठ्याण्णव साली सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून देणारा त्या भागात मी एकटाच हुतो. अंगात माज हुता. सांगायचं हाय बाबासो कुरण्यांबद्दल, आणि खरं म्हणाल तर त्यांच्याबद्दल बोलायचा मला काडीचा अधिकार न्हाय. पण माझ्याशिवाय खरं कुणाला ठावंच न्हाय, म्हणून बोलतो.

बाबासो मामा जिल्हा परिषदेत आरोग्यसेवक हुते. बत्तीस वर्षं गडहिंग्लज, नेसरी, तो सगळा पट्टा त्यांनी सायकलीवरनं पालथा घातला. देवी, गोवर, धनुर्वात, पोलिओ. पोराला लस द्यायची आणि तिथंच उभ्या उभ्या रजिस्टरला नोंद करायची. घरी जाऊन आठवून लिहिलेली नोंद म्हंजे खोटी नोंद, असं ते म्हणायचे. बौद्ध माणूस. लोकांनी लेकरांचे दंड त्यांच्या म्होरं केले, पण चहा दिला तो अंगणात, वेगळ्या कपात. हे सुद्धा मामा हसत सांगायचे, एसटी चुकल्यागत.

रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या कॉलनीत कोपऱ्यावर घर बांधलं. सगळ्या कॉलनीत बौद्धाचं तेवढं एकच घर. येताजाता नमस्कार चालायचा, पण कुणी घरात बोलवायचं न्हाय. मी तरी कुठं बोलवलं? आमची अव्वा, म्हंजे आई, त्यांना बघितलं की पदर सावरून आत जायची, आणि मी काय बोलायचो न्हाय.

त्यांनी माझ्याकडनं कॉम्प्युटर घेतला आणि चार महिन्यांत माझ्या दुकानातल्या पोरांपेक्षा चांगला शिकले. अँटिव्हायरस म्हंजे काय हे समजावल्यावर तर म्हाताऱ्याचं तोंड उजळलं. लसच की ही, म्हणाले. मग चष्मा कपाळावर सारून इचारलं, ह्याचा दुसरा डोस कवा द्यायचा?

बघा, बरोबर तोच प्रश्न इचारला. अँटिव्हायरसच्या पोटात व्हायरसांची एक यादी असती. ज्या दिवशी यादी बनली त्या दिवसापर्यंतचे रोग तेवढे त्याला ओळखू येत्यात. दुसऱ्या दिवशी जन्माला आलेला व्हायरस त्याच्या नाकासमोरनं ऐटीत आत जातो. नवी यादी टेलिफोनच्या लाइनीवरनं उतरवायला लागायची. त्यात अर्धा दिवस जायचा, आणि लाइन तुटली की परत पहिल्यापासनं. माझ्याकडची कॉपी वर्षभर जुनी हुती, तीही चोरीची. मी म्हटलं, मामा, एकदा घातलं की आयुष्याची काळजी मिटली.

"गोवराची लस पोलिओला चालत न्हाय रं," ते म्हणाले.

मी हसलो. हे मशीन हाय, माणूस न्हाय, असं म्हणून त्यांना वाटेला लावलं.

मामांनी मात्र ते मनावर घेतलं. आधी स्वतःचा कॉम्प्युटर, मग शेजारच्या मास्तरांचा, मग आणखी दोन. फुकट. मी दिलेली ती एकच फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून जायचे, घरातलं मशीन तपासायचे आणि म्हणायचे, झालं, आता भ्यायचं काम न्हाय. ही बातमी हंबीररावांपर्यंत गेली. हंबीरराव म्हंजे कॉलनीचे चेअरमन. त्यांनी हूं म्हटल्याशिवाय आमच्यात बोअरचं पाणी सुटत न्हाय. त्यांनी मामांना बोलावणं धाडलं.

त्या दिवशी मामा थेट माझ्या दुकानात आले. बराच वेळ उगंच माउस बघत राहिले. मग दुसरीकडंच बघत म्हणाले, "हंबीररावांच्या घरात चहा घेतला आज. आत. कप त्यांच्याच सेटातला."

हंबीररावांचा कॉम्प्युटर देवघराच्या भिंतीला लागून, वर भरतकामाचं झाकण. म्हंजे मामा देवघरापर्यंत गेलते. त्या माणसाला आयुष्यात एवढंच पायजे हुतं, की लोकांनी आत या म्हणावं. त्यापुढं एकेक करत एकोणीस घरं झाली. पोरं त्यांना कॉम्प्युटरचे डॉक्टर म्हणाय लागली. मामा इस्त्रीचा शर्ट घालाय लागले.

आता त्यांची चूक सांगतो. फ्लॉपीच्या कोपऱ्याला एक बारकी पट्टी असती. ती सरकवून भोक उघडं ठेवलं की फ्लॉपीवर कुणालाच काय लिहिता येत न्हाय, व्हायरसला सुद्धा न्हाय. मामांनी ती पट्टी कायम बंद ठेवली. का? तर नोंद करायला. प्रत्येक घरात तपासणी झाली की तिथंच बसून, त्याच फ्लॉपीवर, तारीख, घर नंबर आणि शेरा टाइप करायचे. ज्यानं बत्तीस वर्षं दर पोरागणिक सुई उकळली, त्यानं एकच फ्लॉपी एकोणीस घरांत फिरवली, आणि ती रजिस्टरापायी.

मी ती पट्टी बघितली हुती. माझ्या काउंटरवरच फ्लॉपी पडली हुती. सांगाय एक मिनिट लागलं नसतं. म्हटलं, म्हाताऱ्याला कशाला शिकवत बसा. आणि मशीनं बिघडली तर येणार कुठं, माझ्याकडंच की.

नव्व्याण्णवच्या एप्रिलात एका सोमवारी मशीनं मेली. तो व्हायरस ठराविक तारखेपर्यंत झोपून राहणारा हुता. तारीख आली, उठला आणि सगळं पुसलं. दहा वाजेपर्यंत माझ्या दारात रांग. पंधरा घरं. हंबीररावांच्या लेकीचा इंजिनिअरिंगचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गेला, पोरगी पायरीवर बसून रडत हुती. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, कुरण्यांचा बरा चाललाय की. मग काय, आगीत तेल.

मामा दुपारी आले. खिशातनं फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली. माझ्या सुईतनं गेलं का बघ, म्हणाले.

बघितलं. सकाळपासनं टेलिफोनवरनं नवी यादी उतरवली हुती, तिनं दाखवलं, फ्लॉपीवरचा अँटिव्हायरसच आजारी हुता. मग मी रजिस्टर उघडलं आणि दोघं मिळून वाचलं. पहिली चार घरं धडधाकट. पाचवं हंबीररावांचं. तिथनं पुढं एकोणिसाव्यापर्यंत सगळी मेलेली. म्हंजे पाचव्या घरात रोग आधीच हुता. माझ्या जुन्या यादीत त्याचं नाव नव्हतं म्हणून अँटिव्हायरसला तो दिसला न्हाय, आणि तिथंच तो फ्लॉपीवर चढला.

"पाचव्या घरात कुठनं आला?" मामांनी इचारलं.

हंबीररावांच्या पोराला गेमची सीडी मी कॉपी करून दिलती, जानेवारीत. मूळ सीडी माझ्या मागच्या फळीवर हुती. त्यांच्या देखत तपासली, त्यात तोच व्हायरस निघाला. मामांनी सीडी उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली. कॉलऱ्याच्या साथीत कुठली विहीर खराब, हे शोधण्यात ज्याची हयात गेली त्याला आणखी काय सांगायचं?

संध्याकाळी हंबीररावांच्या अंगणात सगळे जमले. खुर्च्या मांडल्या हुत्या. मामा फाटकापाशी उभे हुते, त्यांना कुणी बस म्हटलं न्हाय. हंबीररावांनी मला इचारलं, तू जाणकार, तू सांग, कुणाचं काम हे?

मामांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून झोपू देत न्हाय. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर संपलो असतो मी. त्यांनी घेतलं न्हाय. मी स्वतः बोलावं म्हणून वाट बघत राहिले.

"फ्लॉपी मामांचीच," मी म्हणालो.

खोटं हुतं का? न्हाय. आणि ह्यापेक्षा मोठं खोटं मी जन्मात बोललो न्हाय.

मग लोकांची तोंडं सुटली. स्वतःचं बरं ठेवलं आणि आमचं मारलं. मुद्दाम केलं. जळतंय आमच्यावर. हंबीरराव शांतपणे म्हणाले, "ह्यांना आत घेतलं ही आमचीच चूक." मास्तर, ज्यांचा कॉम्प्युटर धडधाकट हुता ते मास्तर सुद्धा, मान खाली घालून बसले. मामा एवढंच म्हणाले की सुई माझी हुती, माफी मागतो, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना ते पायरीवर हुते. इस्त्री नव्हती. म्हणाले, सीडीचं राहू दे, तुझं नाव नगो. फक्त एवढं सांग त्यांना, की म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं न्हाय.

"मामा, मला दुकान चालवायचं हाय," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात हंबीररावांच्या मशीनमध्ये पुसलेलं सगळं परत भरायला गेलो. कीबोर्डवर ओले डाग. इचारलं तर त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी सांगितलं, गोमूत्र शिंपडलंय, खुर्चीवर पण. मी रुमालानं पुसलं आणि कामाला लागलो. पंधरा मशीनं भरली त्या महिन्यात. माझं दुकान तवा खऱ्या अर्थानं उभं राहिलं, थू त्याच्यावर.

मामा वर्षभर कॉलनीत राहिले. संध्याकाळी फिराय निघायचे, पोरं लांबनं ओरडायची, व्हायरस आला. मग फिरणं बंद झालं. घर विकून इचलकरंजीला पोराकडं, प्रसेनजीतकडं गेले. दोन हजार पाचला वारले. मला पेपरातल्या चार ओळींवरनं कळलं. गेलो न्हाय.

दोन हजार सातात हंबीररावांनी नवा कॉम्प्युटर घेतला. ह्या खेपेला अँटिव्हायरस विकतचा, रोज इंटरनेटवरनं यादी नवी हुणारा. तरी तीन महिन्यांत मशीन लोळलं. पोरानं ऑफिसातनं पेन ड्राइव्ह आणला हुता, त्यात कालपरवाच जन्मलेला व्हायरस, कुठल्याच यादीत नसलेला. मी तपासत बसलो हुतो. शालूबाईंनी चहा आणून ठेवला. हंबीरराव तवा थकले हुते, काठी घेऊन शेजारी बसले.

"त्या कुरण्याचीच घाण असणार अजून," ते म्हणाले. "व्हय न्हवं?"

मी चहाचा कप उचलला.

"व्हय," म्हटलं.