दुसऱ्या मजल्यावरचा डबा

आमच्या वसतिगृहातल्या मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. एकोणीस वर्षं तेच दोन जिने झाडायचे आणि दर वर्षी नव्या मुलींची नावं पाठ करायची. शिकलेल्या माणसावर त्यांचा भाबडा विश्वास, आणि त्याच्या जोरावर आम्ही शहाण्या ठरायचो.

दुसऱ्या मजल्यावर खिडकीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या त्यात टाकायच्या, आजारी पडलं की त्यातूनच उचलायच्या. आणि आम्ही सगळ्या फार्मसीच्या! अँटिबायोटिक मनानं घेऊ नये, मध्येच सोडू नये, उरलेलं कुणाला देऊ नये, हे मी परीक्षेत दीड पान लिहिलं आणि वर्गात पहिली आले. त्याच आठवड्यात ताप उतरला म्हणून माझ्या चार गोळ्या डब्यात गेल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

मावशींना लघवीला जळजळ व्हायची. "दवाखान्यात अर्धा दिवस मोडतो गं. तूच दे काहीतरी, तू तर पहिली आलीस."

मी फुशारकीनं डब्यातल्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत बरं वाटलं, त्यांनी सोडल्या. वर्षभरात असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्या जिन्यातच कुडकुडत बसल्या. मी गाडी करून त्यांना इस्पितळात नेलं.

"आधी कोणत्या गोळ्या घेतल्यात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कसल्याच नाही हो," मावशी म्हणाल्या आणि चादरीखाली माझा हात दाबला.

"नीट आठवा. रिपोर्टला दोन दिवस लागतील. तोवर कोणतं औषध द्यायचं ते यावरच ठरवायचंय."

माझ्या मनात आलं, कॉलेजात कळलं तर? मावशींचा हात मात्र तव्यासारखा तापला होता.

"मी दिल्या," मी म्हणाले. नावं, दिवस, सगळं सांगितलं.

"काय शिकतेस?"

"फार्मसी."

त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. "म्हणजे हे आता लागू पडायचं नाही," एवढंच म्हणत त्यांनी आधी लिहिलेलं इंजेक्शन खोडलं आणि दुसरं लिहिलं.

नऊ दिवसांनी मावशी परतल्या. डबा मी आधीच कॉलेजच्या दवाखान्यात जमा केला होता. शरमेनं मान वर होईना, तरी माफी मागितली. "मीच मागितल्या होत्या ना," म्हणत त्यांनी झाडू उचलला.

गेल्या आठवड्यात त्यांना खोकला झाला. पुन्हा माझ्याच दारात उभ्या. "तू पहिली आलीस ना, सांग, काय घेऊ?"

मी पायात चपला घातल्या आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.