छत्री धरणारी

छत्रीच्या ताणलेल्या कापडावर पडणारा पाऊस तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे का? पत्र्यावरचा पाऊस दांडगा, पानांवरचा लाजरा. पण छत्रीवरचा अगदी डोक्याशी येऊन केवळ आपल्याशीच बोलत राहतो. हा आवाज मला प्राणप्रिय. पण ज्या छत्रीखाली मी तो ऐकत आलो, ती नेहमी दुसऱ्या कुणाच्या हातात होती, हे ध्यानात यायला मला तीस वर्षं आणि एक ओला शनिवार-रविवार लागला.

निमित्त लेकीचं. तिनं नागपूरला नवं घर घेतलं आणि फोनवर म्हणाली, "बाबा, भिंतीवर लावायला आईचा एकटीचा एक छान फोटो पाठवा. सोमवारी फ्रेमवाल्याकडे द्यायचाय." मी ऐटीत हो म्हटलं. हौशी छायाचित्रकार म्हणून उस्मानपुऱ्यात माझा थोडाफार लौकिक आहे! मग जुना संग्रह काढून बसलो. त्यात तळी होती, बगळे होते, शहरातले झाडून सारे जुने ऐतिहासिक दरवाजे होते, वणव्यासारखा फुललेला पळस होता. सुमन, माझी पत्नी, कुठंच नव्हती. कुणाच्या तरी बारशाच्या गर्दीत तिचा अर्धा खांदा तेवढा सापडला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! मला लाज वाटली, आणि ती लाज तिला सांगायची त्याहून जास्त वाटली. म्हणून काही न बोलता ठरवलं, की दोन दिवस तिला घेऊन भटकायचं आणि बरा उजेड दिसला की तिचाच फोटो काढायचा.

पण भाद्रपदातली झड लागली होती. शनिवारी लासूर स्टेशनला गेलो तर कांद्याच्या गोण्यांवर ताडपत्र्या पडलेल्या, आभाळ खाली उतरलेलं. सुमन नेहमीसारखी माझ्या उजव्या अंगाला, आणि तिच्या हातातली छत्री माझ्या कॅमेऱ्यावर. उघडीप झाली की तिला उभं करू, असं म्हणत मी तोवर चिखल, चाकं, भिजलेले रूळ टिपत राहिलो. एक हमाल हसून म्हणाला, "काय काढताय साहेब? निस्ता चिखलच हाय इथं." मी वैतागून म्हणालो, आज हा पाऊस नको होता. तशी सुमन चमकली. "पावसाला नको म्हणू नाय हो. टँकरमागं पळत होतो, ती वर्षं इसरलात व्हय?"

आमच्या मराठवाड्यात पावसाला शिव्या पडतात त्या तो न आल्याबद्दल; आलेल्याला नको म्हणणं इथल्या तोंडाला शोभत नाही. ज्याची आसुसून वाट पाहिली, ते नित्याचं झालं की आपण त्याच्याकडे पाहणंच का सोडून देतो? तसं पाहिलं तर हा प्रश्न काही पावसापुरता नव्हता.

घरी येऊन फोटो पाहिले. प्रत्येकात वर उजवीकडे एक काळा कोपरा आला होता. छत्रीचा! सवयीनं तो कापून टाकायला गेलो आणि हात थांबला. असे किती कोपरे मी आजवर कापले असतील?

रविवारी करमाडला तिच्या माहेरच्या शेतावर गेलो. देव पाण्यात घालून उघडिपीची वाट पाहत होतो, आणि वरून देवासकट आम्हीही पाण्यातच होतो! दिवस कलला तरी आभाळ फाकेना. कपाशीच्या कडेनं चालताना सहज तिच्याकडे पाहिलं, तर तिचा बाहेरचा हात खांद्यापासून कोपरापर्यंत निथळत होता. छत्री एकच होती. ती एक तर कॅमेऱ्यावर धरता येणार होती, नाही तर तिच्यावर.

"छत्री घे आणि तिकडं बांधावर जाऊन उभी राहा," मी म्हणालो. तिला काही उमगेना, पण ती गेली. तिच्याबरोबर तो आवाजही गेला. माझ्या उघड्या डोक्यावर पाऊस पडू लागला, चष्म्यावर पडला, ज्याला मी कधी थेंब लागू दिला नव्हता त्या कॅमेऱ्यावरही पडला. बांधावर पोहोचून तिनं वळून पाहिलं मात्र, आणि ओरडली, "अहो, कॅमेरा! भिजतोय ना तो!" छत्री पुढं धरून ती चिखलातून माझ्याकडं धावत सुटली. तेव्हाच मी बटण दाबलं.

त्या फोटोत एका कडेला पाण्याचा थेंब आहे. तिचा पदर सुटलाय, तोंड उघडं आहे, आणि छत्री तिच्या डोक्यावर नाहीच, माझ्या दिशेनं पुढं आलेली आहे. शास्त्राप्रमाणे पाहिलं तर तो साफ बिघडलेला फोटो. सोमवारी तोच लेकीकडे गेला, आणि तिचा लगेच फोन आला, "बाबा, ही तर अगदी आई आहे!"

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी सुमन धापा टाकत माझ्यापर्यंत आली, छत्री कॅमेऱ्यावर धरली, आणि तो आवाज पुन्हा डोक्याशी बोलू लागला. मी तिच्या हातातून दांडी घेतली. ती नको नको म्हणत होती, तरी घेतली. वारा सुटला होता, छत्री मागं ओढत होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच जड निघाली.