येईल गं लाइन

गोकुळ गुरुजींचा मला राग येतो. माणूस सोन्यासारखा, त्यात वादच नाही. पण इतका सोशिक माणूस शेजारी असू नये. आपल्याच जिवाला घोर लागतो.

गुरुजी मूळचे पोशेऱ्याचे. सगळी नोकरी मोखाड्याच्या डोंगरातल्या शाळांवर काढली आणि निवृत्त झाल्यावर जव्हारला आमच्या भिंतीला भिंत लागून घर घेतलं. "गुरुजी, शिकवणं सोडा, वाट बघणं हीच तुमची खरी नोकरी," असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. ओहोळाला पाणी आलं, बसले काठावर, उतरेल म्हणून. जीप भरली नाही, बसले तिच्यात, सुटेल म्हणून. बदलीचा कागद अडकला, येईल म्हणून गप्प. आणि गंमत म्हणजे पाणी उतरायचं, जीप सुटायची, कागदही यायचा. मग माणूस कशाला बदलतोय?

बायको हिराबाई अगदी उलट. दाभोशाची. तिनं दारातून हाक मारली की नाक्यावरचा माणूस मागं वळून बघायचा. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. त्या बाईची वाचा जावी! मला तर देवाशीच भांडावंसं वाटलं.

एकुलती लेक हर्षदा अबुधाबीला नर्स. तिला रजा मिळेना. तिनं तिकडून मागं लागून घरात फायबरची लाइन घ्यायला लावली. हिराबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, फोनच्या टीचभर पडद्यावर तिला काही दिसायचं नाही, म्हणून हर्षदाचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर खाटेसमोर मांडला. रोज संध्याकाळी लेक त्यात यायची. हिराबाई चालता हात उचलून बोटं तोंडाशी न्यायची. जेवलीस का? हर्षदा आपलं ताट कॅमेऱ्यासमोर धरायची. मग कुठं ही मान हलवायची आणि गुरुजींच्या हातून पेज प्यायची. लेकीचं ताट बघितल्याशिवाय घास नाही, असा हट्टच. डॉक्टर म्हणाले होते, पोटात अन्न जातंय तोवर भिऊ नका.

एक दिवस कॉम्प्युटरनं अपडेट मागितलं. वरून आलेलं परिपत्रक गुरुजींनी जन्मात कधी नाकारलं नव्हतं. दाबलं बटण. मशीन बंद होऊन चालू झालं, पडदा नवाकोरा दिसायला लागला आणि नेट गायब.

आता आमच्या भागात नेट जाणं म्हणजे काही नवल नाही. रस्ता खोदला, केबल तुटली. वारं सुटलं, टॉवर बंद. कुणी तक्रार करत नाही. येईल म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. गुरुजींनी तेच केलं. साध्या फोनवरून हर्षदाला सांगितलं, "लाइन गेलीय बाई. येईल आज-उद्या."

"बाबा, जानकीकाकूंना सांगा ना. त्या कुणाला तरी बोलावतील."

"त्यांना कशाला त्रास?"

अहो, कसला मेला त्रास! मी जानकीकाकू भिंतीपलीकडंच लसूण सोलत बसलेली. गुडघा धरला होता म्हणून आत जाणं होत नव्हतं, पण अंगणातून रोज विचारायचे, "काय म्हणते लेक?" तर हे म्हणायचे, "बरी आहे." एवढंच! तोंडातून शब्द निघेल तर शपथ.

आणि आत काय चाललं होतं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. संध्याकाळ झाली की हिराबाई पडद्याकडं तोंड करायची. बोटं तोंडाशी न्यायची. पडदा काळा. पुन्हा न्यायची. गुरुजी चमचा पुढं करायचे, ती तोंड फिरवायची. "येईल गं लाइन," ते म्हणायचे, "आज एवढं पी, उद्या दिसेल ती." पहिले दोन दिवस थोडी प्यायली. मग तेही नाही. आठवडा होत आला तेव्हा सरकारी दवाखान्यात नेली. सलाइन लावलं, पण अंगात काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

हर्षदानं आईचं शेवटचं तोंड बघितलं ते गुरुजींच्या पुतण्याच्या फोनवर. हा पुतण्या प्रसाद, नाशिकला असतो, कॉम्प्युटरचीच कामं करतो. जिवंतपणी बघायचं तेवढं राहून गेलं.

बाराव्याला पाहुणे पांगले. हर्षदा तिकडून फोनवर म्हणाली, बाबा, आजपासून रोज तुमच्याशी तरी समोर बसून बोलते. म्हणून प्रसाद कॉम्प्युटरपुढं बसला. मी तिथंच जमिनीवर पाय पसरून बसले होते. गुरुजी आत चहा टाकायला गेले होते. प्रसादनं राउटरकडं, भिंतीवरच्या त्या नेटच्या डब्याकडं बघितलं, मग आपला फोन त्याच वायफायला लावून बघितला. फोनवर नेट धडधडीत सुरू! त्याचा चेहराच उतरला. मग मशीनमध्ये काहीतरी खुडबुड केली आणि हळू आवाजात मला म्हणाला, "काकू, लाइन गेलीच नव्हती. मशीनमध्ये वायफाय चालवणारा एक प्रोग्राम असतो, ड्रायव्हर म्हणतात. अपडेटनं जुना काढून नवा टाकला, तो या मशीनला चालत नाही. आत्ता जुना परत घातला, झालं. पाच मिनिटांचं काम."



गुरुजी कप घेऊन बाहेर आले. "आली का रे लाइन?"

प्रसादनं माझ्याकडं बघितलं. मी फटकळ बाई, खरं बोलायला कधी कुणाच्या बापाला भ्यायले नाही. पण त्या क्षणी बोलून गेले, "आली, आत्ताच आली. आमचीसुद्धा गेली होती हो, इतके दिवस."

गुरुजींनी कप खाली ठेवले. "तुमची?" ते म्हणाले. "तुमच्या नातीचा, स्वराचा, गाण्याचा क्लास रोज चालायचा की नेटवर. भिंतीतून ऐकू यायचा. हिरा कान देऊन ऐकायची."

नातीच्या क्लासचं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. प्रसाद मान खाली घालून बसला. गुरुजींनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा राउटरकडं. खाटेच्या कडेला जाऊन बसले.

तेवढ्यात पडदा उजळला आणि हर्षदा दिसली. रडून रडून डोळे सुजलेले.

"बाबा! आली लाइन?"

"होतीच गं," गुरुजी म्हणाले.