आबांच्या कानातला आवाज

तो माहितीपट बघायला आबांना मीच घेऊन गेले. रविवारची दुपार होती, सुरतेत लिंबायतमधल्या आमच्या समाजाच्या हॉलमध्ये पडदा लावला होता, वर चहा-नाश्ता. म्हटलं, घरात आम्ही दोघंच, माझं तोंड बघून कंटाळतात, जरा चार माणसांत बसतील.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांचा जन्म लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात गेला. ज्यांनी आमच्याकडचं खातं पाहिलं नाही त्यांना सांगते, तिथं शेजारी उभ्या माणसालासुद्धा काही सांगायचं तर खाणाखुणा कराव्या लागतात, एवढा खडखडाट. मी शाळेत होते तेव्हाच आबांचे कान गेले. आणि कान गेले त्या जागी एक आवाज येऊन बसला, बारीक, न थांबणारा, कुकरची शिट्टी अडकावी तसा. त्या आवाजापायी आबा उशीत डोकं खुपसून पडायचे. त्यांच्याशी बोलायचं काम मायचं. ती नुसते ओठ हलवायची आणि त्यांना कळायचं, मी घसा फोडला तरी कळायचं नाही. माय गेली आणि घर मुकं झालं.

मग मी हट्टानं कानाचं मशीन घेतलं. ते लावून आम्ही रिक्षानं घरी येत होतो आणि मी सवयीप्रमाणे रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या घालत होते, तर आबा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तुना आवाज तुनी मायसारखा शे." तुझा आवाज तुझ्या आईसारखा आहे. मला रडू आलं, म्हणून मी रिक्षावाल्यालाच झापलं.

पुढचे काही महिने मी आयुष्यात कधी नव्हते एवढी सुखात होते. पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये, लॅबमध्ये, मी कापडाचे रंग जुळवते. संध्याकाळी घरी आले की आबा विचारायचे, आज कोणता रंग बिघडला, साहेब काय म्हणाला, मग तू काय म्हणालीस. मायच्या गोष्टी सांगायचे. लग्न होऊन ती पहिल्यांदा सुरतेला आली आणि स्टेशनावरची गर्दी बघून परतीच्या गाडीत जाऊन बसली, हे मला एवढी मोठी झाल्यावर कळलं. बापाशी ओळखच त्या दिवसांत झाली म्हणा ना.

आता त्या माहितीपटाचं. आधी पांढऱ्या कोटातला एक शास्त्रज्ञ, मेंदूच्या लहरींचे आलेख, मग आकाशगंगा, मग नदीकाठी ध्यान लावलेले साधू. विश्वाच्या आरंभी जो नाद झाला तो म्हणे प्रत्येकाच्या आत अजून चालू आहे, आणि विज्ञानानं तो मोजलासुद्धा. कशानं मोजला ते नाही सांगितलं. डोंबलाचं विज्ञान. मी बी.एस्सी. झालेली, मला हसू आवरेना. शेवटी सूचना आली की डोळे मिटा आणि आत ऐका. सगळा हॉल चिडीचूप झाला. आबांनी मशीन काढून खिशात ठेवलं.

नंतर माईक फिरला, कुणाला काय वाटलं ते सांगायला. एका काकूंना म्हणे कपाळात उजेड दिसला. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना तर हुंदका आला, बोलताच येईना. एक गुजराती मावशी म्हणाल्या, माझा गुडघा दुखायचा थांबला. बाई अजून खुर्चीतून उठल्याही नव्हत्या. मी मनातल्या मनात एकेकाची टर उडवत बसले होते, तेवढ्यात शेजारी आबांचा हात वर गेला.

जन्मात कधी चारचौघांत बोलले नसतील ते. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, "माले तं रोज ऐकू येस. कितला वरीस व्हयनात." मला तर रोज ऐकू येतो, कितीतरी वर्षं झाली. टाळ्याच टाळ्या. बँकेचे काका येऊन चक्क पाया पडले. मावशी म्हणाल्या, "काका तो पहोंचेला माणस छे." काका म्हणजे पोहोचलेला माणूस. आबांचा चेहरा असा कधी बघितला नव्हता मी. मालकाची बोलणी खाण्यात जन्म गेला त्यांचा, पाया कोण पडणार होतं? मला बरं वाटलं, पण टाळी काही मी वाजवली नाही.

कारण मला माहीत होतं. मशीन घेतानाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, लूमच्या खडखडाटानं आतली नस खराब झाली आहे आणि हा आवाज त्यामुळेच. मशीननं बाहेरचं ऐकू यायला लागलं की आतला दबतो. तो दबलाही होता. आता आबांना तोच हवा झाला आणि मशीन आड यायला लागलं.

आधी पूजेपुरतं काढायचे. मग जेवण होईपर्यंत. मग मी कामावरून आले तरी मशीन डबीतच. कुणीतरी हॉलमधला व्हिडिओ सगळ्या गल्लीत पाठवलेला, माणसं दर्शनाला यायची, मी त्यांना चहा करायची. कुणाला काय म्हणणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ. एके दिवशी मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांना वाटेला लावलं, आबांपुढे बसले आणि लहानपणी बघितलेल्या खात्यातल्या खुणांनी सांगितलं. लूम दाखवला, कान दाखवला, हातानं दोरा तुटल्याची खूण केली. देव नाही आबा, लूम आहे.

आबांनी सगळं नीट बघितलं. मग म्हणाले, त्या लूमनं माझे कान खाल्ले, तुझं लहानपणीचं बोलणं खाल्लं, मी त्याला शिव्याच देत आलो. आज पहिल्यांदा वाटलं की सगळंच फुकट नाही गेलं. आणि माझा हात धरून विचारलं, "तू शिकेल शे. खरं सांग, हाऊच तो आवाज शे ना?"

शिकलेली आहेस, खरं सांग, हाच तो आवाज ना. लहान मुलासारखे बघत होते माझ्याकडे. नाही म्हटलं असतं तर आबा मशीन लावून परत माझ्याशी बोलले असते. आणि तो आवाज पुन्हा नुसता छळ झाला असता.

मी मान हलवली. हो.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मशीनची डबी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, एखाद्या गरिबाला देऊन टाक, त्याला कामाला येईल. मग पाय वर घेऊन बसले आणि डोळे मिटले.

"आबा, मी खोटं बोलले," मी म्हटलं. मग अजून मोठ्यानं म्हटलं. शेजारीण दारात येऊन उभी राहिली, काय झालं म्हणून. आबा डोळे मिटून हसत होते.