शिशाची काच

नवी मुलं या शाखेकडे वळावीत म्हणून सर आम्हा मेडिकलच्या विद्यार्थ्यांना न्यूक्लिअर मेडिसिन विभाग दाखवायला घेऊन गेले. “इथे रक्त नाही, रडारड नाही. या की इकडे,” म्हणत त्यांनी पडद्यावर एका बाईंचा स्कॅन उघडला. टोचलेलं किरणोत्सारी औषध कॅन्सरच्या गाठींत साचतं आणि तिथे उजेड दिसतो. बाईंचा मणका, बरगड्या, सगळंच उजळलं होतं.

“सर, दिवाळीच की!” कुणीतरी म्हणालं. आम्ही हसलो. मीही. मुलांना रस वाटतोय म्हणून सर खूश झाले.

त्या बाई समोरच, शिशाच्या काचेपलीकडे होत्या, नुकत्याच टेबलावरून उठलेल्या. आमचे चेहरे पाहून त्यांनी हात जोडले. त्यांच्या अंगातले किरण आमच्यापर्यंत येऊ नयेत म्हणून ती जाड काच होती. आमचं हसू अडवायला तिथे काहीच नव्हतं.

बाहेर येताना त्या माझ्यापाशी थांबल्या. “हसत होतात ना गं सगळे? म्हणजे चांगलंच निघालं!”

औषध टोचलेल्या पेशंटपासून काही तास लांब राहायचं, हे सरांनी आधीच सांगितलं होतं. मी दोन पावलं मागे सरले. नियम इतक्या लवकर उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.