वहिनींची छाती आणि गुरुप्रसादांचं नाक

श्रावणातल्या त्या दुपारी गुरुप्रसादांना मदत करण्याचा उत्साह आला, हीच मुळात चूक. सिटी सेंटर वस्तीतल्या त्यांच्या घरी मंगळागौरीच्या खेळांची तालीम चालली होती. वर्षभर गुंडाळून ठेवलेली सतरंजी त्यांनी आणली आणि बायकांच्या मधोमध उभं राहून झटकली. सगळ्यात आधी ते स्वतःच शिंकले. डोळे चुरचुरले, नाक वाहू लागलं. त्यांच्या वहिनी शालिनीताईंना मात्र एकही शिंक आली नाही. त्या फुगडी सोडून भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांच्या छातीत बारीक शिटी वाजू लागली.

"आपल्या घरातली नेहमीची ॲलर्जी, दुसरं काय," असं निदान करून गुरुप्रसादांनी खिशातली आपलीच गोळी त्यांना दिली.

या घराण्यात दमा कुणालाच नव्हता. म्हणजे होता, पण मुलींची लग्नं अडतील म्हणून सगळे त्याला ॲलर्जी म्हणत. शालिनीताईही इतकी वर्षं गोळी घेऊन झोपत आणि शिटीसकट उठत. पण यंदा खेळांच्या स्पर्धेसाठी त्या आपल्या वस्तीच्या संघाच्या कप्तान होत्या. ही स्पर्धा दरवर्षी इंदरगंज वस्तीतल्या बायका जिंकत आणि वर विचारत, "शालिनीताई, तुम्ही बसूनच टाळ्या वाजवणार ना?"

"बस आई, अब बहुत हो गया. चला," म्हणून सून हर्षितानं त्यांना कंपू भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गुन्हेगार म्हणून गुरुप्रसादही सोबत होते.

बाईंनी शालिनीताईंना एका यंत्रात जोरात फुंकायला लावलं, मग औषध ओढायला दिलं, थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं. आकडा चांगलाच चढला.

"ॲलर्जी म्हणजे शरीराचं धुळीशी भांडण," बाई म्हणाल्या. "काकांचं भांडण नाकातच मिटतं. तुमच्यात ते छातीत उतरतं, श्वासाच्या नळ्या आवळतात. तो दमा. काकांच्या गोळीनं शिंका थांबतील, आवळलेल्या नळ्या उघडणार नाहीत. त्याला इनहेलर, तोही रोज. बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही."

"तो शब्द जरा हळू घ्या," गुरुप्रसाद कुजबुजले. "बाहेर ओळखीचे बसलेत."

शालिनीताईंनी इनहेलर रोज घेतला, तोही गॅलरीत, समोरच्यांना दिसेल असा. तालमीला सतरंजी ओल्या फडक्यानं पुसली जाई आणि गुरुप्रसादांना तिच्यापासून लांब बसवलं जाई.

स्पर्धेच्या दिवशी शालिनीताईंची फुगडी फिरू लागली ती थांबेचना. इंदरगंजची एकेक जोडी धापा टाकत खाली बसली; शालिनीताई फिरतच होत्या, आणि छातीत शिटी नाही. शिट्या वाजल्या त्या प्रेक्षकांतून, त्यातली सगळ्यात मोठी हर्षिताची.

ढाल हातात आल्यावर बायकांचा गराडा पडला. तेवढ्यात गुरुप्रसाद वाट काढत आले आणि हलकेच म्हणाले, "वहिनी, कुणी विचारलंच तर ॲलर्जी होती, बरी झाली, असं सांगू या का?"

"दमा माझा आहे भावोजी, मी सांगेन, तुम्ही आपलं नाक पुसा."