तुर्लिबेकची एकशेवीस पोती

तुर्लिबेकने चौतीस वर्षं राख वाहिली. पाठीवर नाही, पाण्यातून. वीजकेंद्रात कोळसा जळायचा, खाली राख पडायची. तिच्यात पाणी घालून तो रेंदा नळातून चार किलोमीटरवरच्या तळ्यात सोडायचा, हे त्याचं काम. नळ तुंबला की लोखंडी कांब घेऊन आत शिरायचं. उणे पस्तीसच्या थंडीत तो गोठू द्यायचा नाही. चौतीस वर्षांत नळ दोनदा गोठला. दोन्ही तारखा त्याला पाठ होत्या.

तिथल्या कोळशात जवळपास निम्मी राखच. तळं भरलं, मग त्याची टेकडी झाली. वारा सुटला की कारासोर गावातल्या बायका वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला नेत. एवढ्या राखेतल्या एका मुठीचंही कधी काही झालं नव्हतं. साठी आली तेव्हा तुर्लिबेकला हे खुपायला लागलं.

दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून त्याने भंगारातून विटांचं यंत्र जुळवलं. राख सात घमेली, वाळू दोन, चुना एक. ओल इतकीच, की मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि तळहात कोरडा राहावा. वीट अठ्ठावीस दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. सत्ताविसाव्या दिवशी कोणी उचलली तर तो ती वीट त्याच्यासमोर फोडायचा. तीन माणसं आणि तो, दिवसाला एक हजार दहा विटा.

तो त्रेसष्टाचा झाला. निवृत्तीचं वय. यंत्रासाठी त्याला ठेवून घेतलं होतं. सप्टेंबर संपता संपता संचालकांनी बोलावलं.

संचालक व्हालेरी गेन्रिखोविच टेबलावरच्या कागदाकडे बघत बोलले, "तुर्लिबेक, वरून आलंय. राखेचा उपयोग वाढवायचा. एक नोव्हेंबरच्या आत गावातल्या एकशेवीस घरांनी एकेक पोतं राख न्यायला हवी. सही करून. नाही नेली तर योजना बंद."

"आणि यंत्र?"

"यंत्र योजनेतलं. योजना बंद म्हणजे ते कापून भंगारात."

"पण मी विटा देतो की! शाळेच्या कोळसाखोलीला चार हजार दिल्या."

"कागदावर राख लिहिलंय. विटा नाही लिहिलं."

"विटेत राखच असते, व्हालेरी गेन्रिखोविच."

"मला माहीत आहे रे. कागदाला माहीत नाही."

तुर्लिबेक दारोदार फिरला. सत्तावीस घरं. कोंबड्यांना अंग घोळायला राख चांगली, संडासाच्या खड्ड्यात चांगली, चिखलावर टाकायला चांगली, असं सगळं सांगितलं. लोक ऐकत, चहा पाजत आणि शेवटी परसातल्या ढिगाकडे बोट दाखवत. गावात घरोघरी कोळशाची चूल. प्रत्येकाच्या परसात स्वतःची राख गुडघाभर साचलेली.

वस्तीतले सगळ्यांत ज्येष्ठ स्मागुल आजोबा तर काठीवर रेलून हसले.

"अरे बाबा, चौतीस वर्षं तू माझ्या छपरावर फुकट टाकलीस. आता सही मागतोस?"

"आजोबा, माझ्या राखेत दगड-खिळे नाहीत. पिठासारखी आहे."

"मग खा."

घरी त्याची बायको कुल्पाश मेजवानीच्या तयारीत होती. त्रेसष्ट म्हणजे पैगंबर गेले ते वय. ते गाठलं की गावजेवण घालायचंच, त्यातून कोणी सुटत नाही. तिने एकशेवीस कुटुंबांना आमंत्रण दिलं होतं. ओसरीत कापडी पिशव्यांचा ढीग होता. एकेक पिशवी झटकून ती घडी घालत होती.

"सार्कतच्या का?" तुर्लिबेकने विचारलं.

"नाहीतर काय, तुझ्या पायमोज्यांच्या?"

जेवण झालं की पंगतीत उरलेलं पाहुण्याबरोबर बांधून द्यायचं, ते सार्कत. तळलेले पाव, मांसाचे तुकडे, मिठाई. ते नाकारायचं नसतं. नाकारलं तर तुमच्या उंबऱ्यावर पुन्हा येणार नाही असं म्हटल्यासारखं होतं.

तुर्लिबेक पिशव्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

"कुल्पाश, जेवणातून उरतं ते सार्कत."

"हो."

"कोळशातून काय उरतं?"

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "म्हाताऱ्या, माझी पाहुण्यांत नाचक्की केलीस तर तुला त्या नळात कोंबीन."

पण यंत्राचं तिलाही माहीत होतं. दोन वर्षं तिने त्याचे तेलकट कपडे वेगळ्या घमेल्यात धुतले होते. तिने एकच अट घातली: राखेचं पोतं जेवणाच्या पिशवीला लागता कामा नये.

त्याने सहा दिवसांत पोती भरली. रोज वीस. पोतं पंचवीस किलोचं, म्हणजे अकरा फावडी. दहा राखेची, अकरावं चुन्याचं. चुन्याशिवाय ही राख धरत नाही, आणि न धरणारा माल त्याच्या हातून बाहेर जाणार नव्हता. चुन्याचं कोणाला सांगायची गरज त्याला वाटली नाही. नीट काम करायचं, त्यात सांगायचं काय?

पोती वीजकेंद्राच्या मालकीची, शिक्का मारलेली. फाटकावरची पहारेकरीण नाद्या, तिने नोंदवहीत लिहिलं: बाहेर, एकशेवीस. आणि बजावलं, "काका, पोती परत हवीत हं. एकही कमी नको."

मेजवानी ठीक झाली. स्मागुल आजोबांपुढे मानाचं म्हणून मेंढ्याचं डोकं ठेवलं. त्यांनी कान कापून मुलांना दिला, आशीर्वाद दिला, दाढीवरून हात फिरवला. मग पाहुणे उठले. दारात कुल्पाश जेवणाची पिशवी देत होती. तिच्यापासून बरोबर तीन पावलांवर तुर्लिबेक उभा होता, पोत्यांच्या थप्पीशी, हातात सह्यांचा कागद.

"हे काय?" आजोबांनी विचारलं.

"सार्कत."

"कशाचं?"

"माझ्या नोकरीचं. चौतीस वर्षांतून एवढंच उरलं."

आजोबांनी पोत्याकडे पाहिलं, तुर्लिबेककडे पाहिलं. मागे दोनशे माणसं थांबली होती. "हरामखोर," ते प्रेमाने म्हणाले, सही केली आणि सुनेला पोतं उचलायला लावलं. त्यांनी घेतल्यावर कोण नाही म्हणणार? ठेवणीतले कपडे घातलेले लोक खांद्यावर राख घेऊन बाहेर पडले. एका जावयाने नव्या कोटावर पोतं घेतलं आणि सासूकडे बघत हसला.

प्रत्येकाला तुर्लिबेक एकच वाक्य बोलत होता, "पोतं तेवढं परत करा."

कुल्पाशने ते ऐकलं. ती काहीतरी बोलणार होती, पण समोर पाहुणे होते.

सकाळी त्याने एकशेवीस सह्या संचालकांच्या टेबलावर ठेवल्या आणि दुपारभर यंत्राला तेलपाणी केलं. काम झालं होतं.

चौथ्या दिवशी स्मागुल आजोबांची सून ढकलगाडी घेऊन फाटकावर आली. गाडीत पोतं. भरलेलं.

"हे काय, सूनबाई? रिकामं हवं होतं."

तिने डोळे मोठे केले. "काका, असं काय बोलता? तुम्ही भरून दिलेलं मी रिकामं आणू? माझ्या आईने मला हेच शिकवलं का?"

"आत काय आहे?"

"राख. चुलीतली. आमच्याकडे दुसरं काय एवढं आहे?"

तुर्लिबेकने पोत्याचं तोंड सोडून आत पाहिलं. भरून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे त्याला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण तेव्हा भांडं म्हणजे भांडं होतं.

आणि आलेलं नाकारायचंही नसतं. त्याने पोतं उतरवून घेतलं.

"माझी राख काय केलीत?"

"गल्लीत टाकली. चिखल किती झालाय."

मग रांग लागली. ढकलगाड्या, एक घोडागाडी, एक मुलाची जुनी बाबागाडी. सगळी पोती भरलेली. ज्यांना आमंत्रण नव्हतं त्यांच्या कानावर गेलं की वीजकेंद्र चुलीची राख घेतं. तेही आले, स्वतःच्या घरची पोती घेऊन. नाद्याने जीभ दाताखाली धरून लिहिलं: आत, एकशे सत्तावन्न.

तीस ऑक्टोबरला संचालकांनी बोलावलं. केंद्रामुळे हवा-पाणी खराब होतं का हे तपासणारी अभियंता आयमन खोलीत बसली होती, मांडीवर जाड फाइल घेऊन.

"एकशेवीस गेली, एकशे सत्तावन्न आली," संचालक हळू बोलत होते. "जगातलं हे पहिलं वीजकेंद्र असेल, तुर्लिबेक, जिथे स्वतः न जाळलेल्या कोळशाची राख आहे."

"लोकांनी वापरली. गल्लीत."

"म्हणजे फेकली."

"गल्ली घट्ट झालीय. टपालवाली बाई दर शरदात तिथे एक बूट घालवायची. यंदा दोन्ही पायांत आहेत."

"बूट कागदावर नाहीत." त्यांनी डोळे चोळले. "ती पोती तळ्यात ओता. उद्या कापणारे येतील यंत्राला."

तुर्लिबेकने टोपी हातात घेतली. चौतीस वर्षं, आणि शेवटी पुन्हा तळ्यातच.

"तळ्यात ओतता येणार नाही," आयमन फाइलमधून मान वर न करता म्हणाली.

"का?"

"तळ्याचा परवाना फक्त केंद्राच्या राखेसाठी आहे. ही लोकांची राख. एक पोतं जरी ओतलं तरी मला लिहून कळवावं लागेल."

"मग परत द्या लोकांना."

हे बोलून संचालकांनीच जीभ चावली. तेही तीस वर्षं या गावात राहत होते. भेट म्हणून आलेली वस्तू परत दारात नेऊन टाकायची म्हणजे काय होतं, हे त्यांच्याही लक्षात आलं. त्यांची सासू याच वस्तीतली होती.

"आवारात ठेवू."

"तीन दिवस. परक्या राखेला तीन दिवसांची मुदत आहे." आयमनने पान उलटलं. "नंतर ती कशात तरी रूपांतरित झालेली पाहिजे."

"कशात?"

"वीट चालेल. वीट लिहिलंय इथे."

संचालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. टेकडीवरून राखेचा एक पट्टा गावाकडे निघाला होता.

"लोकांची राख संपेपर्यंत यंत्र राहील," ते म्हणाले. "संपली की कापायचं. किती दिवस, तुर्लिबेक?"

"चुलीची राख घाण असते. दोनदा चाळावी लागेल. आणि नुसती चालायची नाही, वीट तडकेल. निम्मी आपली घालावी लागेल."

"घाल. आणि ते कुठे लिहू नकोस."

तीन दिवस चौघांनी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चाळलं आणि विटा पाडल्या. खिळे निघाले, कोंबडीची हाडं निघाली, एक चमचा निघाला. स्मागुल आजोबांच्या पोत्यातून दातांची वरची कवळी निघाली. तुर्लिबेकने ती धुऊन, कागदात गुंडाळून पाठवली. आजोबांचा निरोप आला, "ही सहीशिवाय घेतो."

चौथ्या दिवशी दुपारी विटा गोणपाटाखाली होत्या. चाळणीशी सदतीस रिकामी पोती पडली होती, शिक्का नसलेली. लोकांची.

कुल्पाश जेवणाचा डबा घेऊन आली. तिने पोती पाहिली. त्या दिवशी दारात जे बोलायचं राहिलं होतं ते आता बोलली.

"ही पोती लोकांची ना? परत द्यावी लागतील."

"हो."

"भरून आली होती."

"हो."

"रिकामी देणार?"

तुर्लिबेकने डबा खाली ठेवला. मागे टेकडी होती, चौतीस वर्षांची. त्याने मनात हिशेब मांडला. सदतीस भरून जातील, घेतलेल्याची परतफेड म्हणून भरून परत येतील, बरोबर शेजाऱ्यांचीही येतील. लोकांची राख संपायला किती दिवस, याचं उत्तर त्याला मिळालं.

"तोंड धरून ठेव," तो म्हणाला.

तिने पहिलं पोतं उघडून धरलं. त्याने फावडं उचललं. दहा राखेची, अकरावं चुन्याचं.